१२ सेटिंगचा डिशवॉशर म्हणजे १२ माणसांची भांडी? नाही हो!

गणपतीत रत्नागिरीच्या घरी माणसं जमली की हा विषय निघतोच, १२ प्लेस सेटिंगचा डिशवॉशर घेतला की १२ जणांची भांडी एका फेरीत झाली म्हणे. अहो, ते सेटिंग युरोपातल्या जेवणावरून मोजतात, म्हणजे चपट्या प्लेटा, सूपची प्लेट, कप, बशी, ग्लास, काटे-चमचे. त्यात आमटीचा टोप नाही, सोलकढीच्या वाट्या नाहीत, आणि आपल्या उभ्या काठाच्या स्टीलच्या ताटाला तर कधीकधी दोन खाचांची जागा लागते, मग आकडा राहिला कुठे!

त्यापेक्षा टेप घेऊन दुकानात जा, जमलं तर घरातलं सगळ्यात मोठं ताट आणि कालवणाचा टोपच पिशवीत घालून न्या (लाजायचं काय त्यात), वरचा रॅक वर सरकतो का, खालच्या रॅकचे दांडे आडवे पडतात का ते बघा, कारण दांडे पडले तरच मोठा टोप नीट पालथा बसतो. मग भांड्यांवर पाणी फवारणारा पंखा हाताने फिरवून बघा, टोपाला अडकला तर भांडी खरकटीच निघणार.

बिडाचा तवा मात्र हातानेच घासा, गंजतो. अ‍ॅल्युमिनियमपण काळं पडतं.