मनातले मांडे आणि खापराची धग

खानदेशात माझ्या आजोळी मांडे व्हायचे ते एखाद्या कार्याला, नाहीतर जावई घरी आले की. पीठ भिजवून, आपटून आपटून मऊसूत करायचं, त्यात पुरण भरायचं आणि मग दोन्ही हातांवर झुलवत झुलवत तो मांडा रुमालासारखा पातळ करायचा. खाली चूल पेटलेली, तिच्यावर पालथं घातलेलं खापर. मांडा खापरावर पडेपर्यंत आजीचे हात कोपरापर्यंत धगीने लाल झालेले असत. इतकी मेहनत मागणारा पदार्थ, म्हणूनच बहुधा मराठीने दिवास्वप्नांसाठी नेमका तोच निवडला. मनात मांडे खायला पीठही लागत नाही आणि चूलही.

२०१० साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी हा वाक्प्रचार जवळजवळ शब्दशः तपासून पाहिला. त्यांना मराठी येत नव्हतं आणि मांड्यांच्या जागी चॉकलेटच्या रंगीत गोळ्या होत्या, एवढाच फरक. काही जणांना त्यांनी सांगितलं, आपण एकामागून एक ३० गोळ्या खातोय अशी कल्पना करा. काहींना फक्त ३ गोळ्यांची कल्पना करायला सांगितली. त्यानंतर खऱ्या गोळ्यांनी भरलेला वाडगा समोर ठेवला, हव्या तेवढ्या खा म्हणाले. मनातल्या मनात ३० गोळ्या खाल्लेल्यांनी प्रत्यक्षात बऱ्याच कमी खाल्ल्या. पोट रिकामंच होतं, पण हाव ओसरली होती. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की चॉकलेटची कल्पना केली तर चीजची इच्छा कमी होत नाही. ज्या गोष्टीचं चित्र मनात रंगवलं, नेमकी तिचीच भूक मरते.

हे वाचल्यापासून मला पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आठवत राहतात. स्पर्धा परीक्षेला बसलेल्या मुलामुलींच्या टेबलांवर, आरशांवर, खोलीच्या दारांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. स्वतःचं नाव आणि खाली ‘उपजिल्हाधिकारी’. आता त्याला व्हिजन बोर्ड म्हणतात, मॅनिफेस्टेशन म्हणतात. डोळे मिटा, ते आयुष्य मिळालंच आहे असं बघा, मिळाल्याबद्दल आधीच आभार माना, म्हणजे विश्व ते तुमच्याकडे पाठवेल. घरापासून दूर, वडिलांनी पाठवलेल्या पैशांवर दिवस काढणाऱ्या मुलांना हे सांगितलं जातं, म्हणून ते खरं आहे की नाही हे नीट बघणं मला गरजेचं वाटतं.

मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी या एका प्रश्नासाठी अनेक वर्षं दिली आहेत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात वजन कमी करण्याच्या वर्षभराच्या कार्यक्रमात आलेल्या २५ स्त्रिया होत्या. त्यांना सुरुवातीलाच दोन वेगवेगळ्या गोष्टी विचारल्या गेल्या. आपलं वजन उतरेल असं तुम्हाला वाटतं का, हा एक प्रश्न. दुसरा भाग कल्पनेचा: कार्यक्रम संपल्यावर मैत्रीण भेटते, किंवा उरलेल्या डोनटचा डबा समोर येतो, तर पुढे काय होतं ते मनात रंगवा. वजन उतरेल असा भरवसा असलेल्या स्त्रियांचं वजन खरोखरच जास्त उतरलं. पण जिच्या कल्पनेत सगळं गोडच गोड होतं, मैत्रीण थक्क झाली होती आणि डोनटकडे ढुंकूनही पाहिलं गेलं नव्हतं, तिचं वजन अडचणी रंगवणाऱ्या बायकांपेक्षा सुमारे ११ किलोंनी कमी उतरलं.

भरवसा आणि मनोराज्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते या साऱ्या संशोधनातला सगळ्यात मोलाचा धागा हाच आहे. भरवसा अनुभवातून येतो: मागच्या वेळी इतकं जमलं होतं, या वेळी आणखी थोडं जमेल. मनोराज्याला मागचं काहीच लागत नाही. ओटिंगेन यांनी पुढे जर्मनीतल्या नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांची दोन वर्षांनी पुन्हा विचारपूस केली. चांगल्या नोकरीची सुखचित्रं जे जास्त रंगवत होते त्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना नोकऱ्या कमी मिळाल्या होत्या आणि पगारही कमी होता. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णांतही तसंच दिसलं. आपण झपाझप चालतोय अशी स्वप्नं पाहणारे सावकाश बरे झाले.

असं का होत असावं, याचा एक धागा रक्तदाबात सापडला. काही करायला सरसावलो की आपला वरचा रक्तदाब किंचित चढतो. हीच ती कंबर कसण्याची तयारी. हेदर कॅप्स आणि ओटिंगेन यांनी २०११ साली दाखवलं की सुखद कल्पनेत रमलेल्या माणसांचा हा रक्तदाब उलट उतरतो. शरीर सैलावतं, काम झाल्यावर सैलावावं तसं. पुढचा आठवडा किती छान जाईल हे ज्यांनी रंगवलं, त्यांच्या हातून त्या आठवड्यात कामंही कमी झाली. अशा कल्पनांनी त्या क्षणी बरं वाटतं हे खरंच आहे, आणि हातात वाट पाहण्यापलीकडे काहीच नसेल तेव्हा त्या आधारही देतात. पण जिथे उठून काही करायचं असतं तिथे त्या चुलीवर पाणी ओततात.

मग प्रेरणादायी व्याख्यानांतून ऐकू येणाऱ्या त्या विधानाचं काय, की मेंदूला कल्पना आणि वास्तव यातला फरक कळत नाही? तो कळतो. कळला नसता तर लिंबाच्या आठवणीने तोंडाला पाणी सुटल्यावर आपण लिंबू शोधत बसलो असतो. मेंदूच्या बुंध्यातली ‘रेटिक्युलर’ जाळी आपली स्वप्नं ओळखून संधी शोधून देते, असंही सांगतात. तिचं ठाऊक असलेलं मुख्य काम आपल्याला जागं आणि सावध ठेवणं हे आहे. मात्र या विधानांच्या मुळाशी एक खरी गोष्ट दडलेली आहे आणि ती फार सुंदर आहे.

१९९५ साली अल्वारो पास्कुअल-लिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानो कधीच न वाजवलेल्या माणसांना पाच बोटांची एक छोटी सुरावट शिकवली. एका गटाने पाच दिवस रोज दोन तास ती वाजवली. दुसऱ्या गटाने तितकाच वेळ पियानोसमोर बसून, बोट न हलवता, फक्त मनात वाजवली. बोटं हलवणारा मेंदूचा भाग दोन्ही गटांत जवळपास सारखाच विस्तारला. मनात वाजवणाऱ्यांचं पाचव्या दिवशीचं कौशल्य प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतकं होतं, आणि त्यानंतर प्रत्यक्ष सरावाची एकच बैठक मिळाल्यावर त्यांनी उरलेलं अंतर भरून काढलं. हालचालीची कल्पना करताना मेंदू हालचालीचीच यंत्रणा वापरतो. म्हणूनच कंपवाताने एका बाजूचा हात मंदावलेल्या रुग्णांचा तो हात कल्पनेतही मंदच चालतो.

मनात पियानो वाजवणाऱ्या गटाने नेमकी कशाची कल्पना केली होती? टाळ्यांच्या कडकडाटाची नाही. कोणत्या बोटानंतर कोणतं बोट, याची.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या शाखेत लिएन फाम आणि शेली टेलर यांनी हाच फरक परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांत तपासला. परीक्षेच्या आधीचे काही दिवस रोज थोडा वेळ एका गटाने उत्तम गुण मिळाल्याचं दृश्य डोळ्यांपुढे आणलं: यादीत नाव, गुणांचा आकडा, तो आनंद. दुसऱ्या गटाने स्वतःला अभ्यास करताना पाहिलं: कुठे बसलोय, कोणतं प्रकरण उघडलंय, टीव्ही बंद केलाय. अभ्यास पाहणाऱ्यांनी लवकर सुरुवात केली आणि त्यांना गुण जास्त पडले. निकाल पाहणाऱ्यांचा अभ्यास कमी झाला. टेबलावरच्या त्या ‘उपजिल्हाधिकारी’ चिठ्ठीच्या जागी ‘सकाळी सहा, राज्यघटना, कलम १२ पासून’ अशी चिठ्ठी असावी असं मला मनापासून वाटतं. दिसायला ती कोरडी आहे, पण चुलीजवळ नेणारी तीच.

कल्पनेत अडथळाही हवा. जलतरणपटू मायकेल फेल्प्स रोज मनात शर्यत पोहत असे, पण त्यात सगळं सुरळीत होईलच असं नसे. पोहण्याचा पोशाख फाटला तर? चष्मा फुटला तर? त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन यांनी तर एका स्पर्धेआधी मुद्दाम त्याच्या चष्म्यावर पाय दिला होता. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत खरोखरच चष्म्यात पाणी भरलं आणि शेवटी त्याला जवळजवळ काहीच दिसेना. तो हात मारण्याचे ठोके मोजत पोहला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकला.

ओटिंगेन यांनी याचीच साधी रीत बसवली. आधी इच्छा मनात आणायची, ती पुरी झाली तर काय होईल ते मनापासून पाहायचं, आणि लगेच त्यापुढे आपल्या आतला अडथळा उभा करायचा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी गोड आणि मग कडू. त्यांचे पती, मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी पुढचा दुवा दिला. अडथळा सापडला की त्याला ‘जर-तर’ने बांधून टाकायचं. आपल्याकडे ‘जर-तरची भाषा नको’ म्हणतात, इथे मात्र तीच कामाला येते. जर जेवण झाल्यावर फोन हातात आला, तर तो शेजारच्या खोलीत ठेवून पुस्तक उघडीन. गोलविट्झर यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी नाताळची सायंकाळ कशी घालवली ते सणानंतर दोन दिवसांत लिहून पाठवायचं होतं. कधी आणि कुठे बसून लिहीन हे ज्यांनी आधी ठरवून ठेवलं, त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी ते पाठवलं. बाकीच्यांत हे प्रमाण जेमतेम एक-तृतीयांश होतं.

या रीतीचा आणखी एक गुण आहे, तो व्याख्यानांतून कधी सांगितला जात नाही. इच्छा आणि अडथळा शेजारी ठेवल्यावर, जमण्यासारखं असेल तर माणूस जास्त जोर लावतो, आणि जमण्यासारखं नसेल तर हात सोडवून घेतो. सहाव्यांदा परीक्षेला बसलेल्या, तिशीकडे झुकलेल्या मुलाला हा दुसरा परिणामही तितकाच उपयोगी पडतो. निव्वळ मनोराज्य त्याला हे कधीच सांगणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातून २०२३ साली १,०२३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मॅनिफेस्टेशनवर विश्वास असलेले लोक स्वतःला जास्त यशस्वी समजत होते, पण प्रत्यक्ष उत्पन्न किंवा शिक्षणात पुढे नव्हते. उलट जोखमीच्या गुंतवणुकीकडे त्यांचा ओढा जास्त होता आणि त्यांच्यात दिवाळखोरीचा अनुभवही जास्त आढळला.

आता कृतज्ञतेकडे येते. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञ वाटाव्या अशा पाच गोष्टी लिहायला सांगितल्या. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. कृतज्ञता लिहिणारे जास्त समाधानी होते आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा आठवड्याला सुमारे दीड तास जास्त व्यायाम करत होते. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो कटकटी मोजत बसलेल्यांच्या तुलनेतला आहे, हे सहसा गाळलं जातं. २०२० साली २७ अभ्यास आणि ३,६७५ माणसांची माहिती एकत्र केली गेली तेव्हा नैराश्य आणि चिंतेवर अशा उपायांचा परिणाम अगदी थोडा दिसला. ज्याला खरोखर नैराश्य आहे त्याच्या हाती वही देऊन ‘कृतज्ञ राहा’ म्हणणं म्हणजे त्याला एकटं सोडणं आहे. त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं.

तरीही स्वप्नांच्या पाठलागात कृतज्ञतेला जागा आहे, आणि ती मला फार आवडते. डेव्हिड डेस्टेनो आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली लोकांना पर्याय दिले: थोडे पैसे आज घ्या किंवा जास्त पैसे काही काळाने. आधी काहींना कृतज्ञ वाटलेला प्रसंग आठवायला सांगितला, काहींना आनंदाचा, काहींना साधा रोजचा. तीन महिन्यांनी मिळणाऱ्या ८५ डॉलरवर पाणी सोडायला आनंदी आणि तटस्थ माणसं आज सुमारे ५५ डॉलर मिळाले तरी तयार होती. कृतज्ञ माणसांना मात्र ६३ लागले. नुसत्या आनंदाने जे होत नाही ते कृतज्ञतेने होतं: थांबण्याची ताकद वाढते. लांब पल्ल्याच्या अभ्यासाला हीच तर लागते.

कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. शब्दातच भूतकाळ आहे. अजून न मिळालेल्या बंगल्याबद्दल विश्वाचे आगाऊ आभार मानणं या शब्दात बसत नाही. कुणीतरी काहीतरी केलेलं असावं लागतं. मार्टिन सेलिगमन यांच्या २००५ सालच्या प्रयोगात लोकांनी अशाच एका माणसाला पत्र लिहिलं, ज्याचे नीट आभार मानायचे राहून गेले होते, आणि ते स्वतः जाऊन त्याला वाचून दाखवलं. तपासलेल्या सगळ्या उपायांत लगेचचा आनंद याने सर्वांत जास्त वाढला. महिन्याभरानंतरही तो टिकून होता, पुढे ओसरला.

अभ्यासिकेतल्या त्या मुलांसाठी अशी माणसं दूर नसतात. मेसमध्ये महिना उलटला तरी डबा बंद न करणारी काकू, स्वतःच्या नोट्स न मागता देणारा सिनियर, गावी शेतात राबणारा भाऊ. माझ्या यादीत पहिलं नाव आजीचं आहे. तिच्या हातचे मांडे मी वर्षानुवर्षं खाल्ले आणि खापराजवळ एकदाही बसले नाही.