पाण्यात टाकलेलं लाकूड

ड्रिफ्टवुडचा, म्हणजे माशांच्या टँकमध्ये सजावटीला ठेवतात त्या लाकडाचा, छान फाटे फुटलेला तुकडा दुकानातून आणून टँकमध्ये ठेवला की पहिली अडचण येते ती तरंगण्याची. दाबून धरा, हात काढा, तो पुन्हा वर. गंमत अशी की लाकूड ज्या पदार्थाचं बनलेलं असतं तो पाण्यापेक्षा चांगलाच जड आहे. सेल्युलोज आणि लिग्निनच्या पेशीभित्तिकांची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.५ ग्रॅम असते, पाण्याची १. साग घ्या की सावर, हा आकडा फारसा बदलत नाही. बदलतात त्या पेशींमधल्या पोकळ्या. सावरीत त्या भरपूर आणि हवेनं भरलेल्या, म्हणून ते लाकूड हलकं. दक्षिण आफ्रिकेकडून येणाऱ्या मोपेनच्या लाकडात त्या इतक्या कमी, की ते पहिल्या दिवसापासून तळाशी बसतं. म्हणजे लाकूड बुडवायचं याचा अर्थ आतली हवा काढून तिथे पाणी भरायचं, एवढंच. उकळल्यावर हवा प्रसरण पावून बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि त्याच पाण्यात गार होऊ दिलं की रिकाम्या जागेत पाणी शिरतं. पातेल्यात न मावणारं लाकूड पिंपात बुडवून ठेवायचं आणि वाट पाहायची. जाड बुंधा कित्येक आठवडे घेतो.

ज्यांना धीर नाही ते लाकूड फरशीच्या तुकड्याला स्क्रूनं घट्ट बसवतात आणि वर वाळू पसरतात. युक्ती चांगली, पण आपल्याकडे हाताशी असते ती शहाबादी किंवा कडप्पा, आणि हे दोन्ही चुनखडक आहेत. आम्लधर्मी पाण्यात ते हळूहळू विरघळतात आणि पाणी जड, म्हणजे क्षारांचं, करतात. दगडावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून फेस येतो का, ते आधी बघा. ग्रॅनाइट चालतो. सह्याद्रीचा काळा बेसॉल्टही चालतो, फक्त त्यात कॅल्साइटच्या पांढऱ्या शिरा नसाव्यात.

लाकूड बुडालं की दोन-चार दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं दिसायला लागतं. इथे बरेच जण घाबरून सगळं पाणी उपसतात. हा रंग टॅनिन आणि ह्युमिक आम्लांचा. हिरड्यात, कातात आणि सुपारीत जी तुरट द्रव्यं असतात, त्यांच्याच कुळातली ही. किडे आणि बुरशी यांच्यापासून बचाव म्हणून झाडानं ती साठवलेली असतात, आणि पाण्यात ती सावकाश उतरतात. निसर्गात याचं सर्वांत भव्य रूप म्हणजे ब्राझीलमधली रिओ नेग्रो, काळ्या पाण्याची नदी. मनाऊस शहराजवळ ती गढूळ सोलिमोंइस नदीला मिळते, तेव्हा काळं आणि मातकट पाणी कित्येक किलोमीटर एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहतं. आपल्या टँकमध्ये निळ्या-लाल रेघेनं चमकणारा कार्डिनल टेट्रा मूळचा याच खोऱ्यातला. त्याला हे पाणी अजिबात घाण वाटत नाही.

लाकडानं पाणी आम्लधर्मी होतं, हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते अर्धंच खरं आहे. पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असेल, तर लाकडातून येणारं आम्ल ते जागच्या जागी निष्प्रभ करतं. पाणी तपकिरी होतं, पण पीएच हलत नाही. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पावसाचं साठवलेलं पाणी येतं. ते मृदू असल्यामुळे तिथे लाकडाचा परिणाम मोजता येण्याइतका दिसतो. देशावर बोअरच्या जड पाण्यात तोच तुकडा ठेवला, तर पीएच ढिम्म. म्हणून लाकूड आणण्याआधी आपल्या पाण्याचा केएच, म्हणजे कार्बोनेटमुळे येणारा जडपणा, मोजावा. त्याचं टेस्ट किट मिळतं आणि वापरायला सोपं असतं.

रंग नकोच असेल, तर दर आठवड्याला थोडं पाणी बदला आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी टाका. उलट रंग हवा असेल तर रस्त्याकडेच्या देशी बदामाची गळून पडलेली, वाळलेली पानं धुऊन टाकली की झालं. बेट्टा, म्हणजे फायटर मासा, पाळणारे ती मुद्दाम विकत घेतात, आणि इथे मुंबईत महापालिका ती झाडून नेते. एक मात्र लक्षात ठेवावं: ही द्रव्यं प्रकाशातला निळा भाग जास्त शोषतात, त्यामुळे तळाशी गालिच्यासारख्या पसरणाऱ्या वनस्पतींना गडद पाण्यात उजेड कमी पडतो.

आठवडाभरात लाकडावर पांढरी, बुळबुळीत, कापसासारखी जाळी चढते. दिसायला ती किळसवाणीच. लाकडात उरलेल्या साखरेवर आणि इतर साध्या कर्बोदकांवर वाढणारी ही बुरशी आणि जीवाणूंची वस्ती. माशांना तिचा त्रास नाही. साखर संपली की काही आठवड्यांत तीही जाते. झिंगे, गोगलगाई आणि ओटोसिंक्लस नावाचे इवलेसे मार्जारमासे तर तिच्यावर ताव मारतात. काळजी करायची ती वेगळ्याच दोन लक्षणांची: लाकूड नखानं खरवडलं जाणं आणि कुजक्या अंड्यांचा वास. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. आत ऑक्सिजन संपून कुजणं सुरू झालेलं आहे, असा त्याचा अर्थ. असं लाकूड तडक बाहेर काढावं.

टँकमध्ये लाकूड, दगड आणि वनस्पती मांडण्याची ही कला जगाला ज्याच्यामुळे कळली तो जपानच्या नीगाता प्रांतातला ताकाशी आमानो (१९५४–२०१५) आधी व्यावसायिक सायकल-शर्यतपटू होता, मग निसर्ग-छायाचित्रकार झाला. १९८२ मध्ये त्यानं ॲक्वा डिझाइन आमानो ही कंपनी काढली. प्लॅस्टिकचे किल्ले आणि खजिन्याच्या पेट्या बाजूला सारून त्यानं टँकमध्ये जंगलाचा तुकडा आणला. त्याचं शेवटचं मोठं काम लिस्बनच्या मत्स्यालयात आहे. चाळीस मीटर लांब, १,६०,००० लिटर गोड्या पाण्याचं आणि लाकडानं भरलेलं हे दालन २०१५ मध्ये खुलं झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. शेवाळ खाणारा जो झिंगा आज ‘आमानो श्रिंप’ म्हणून विकला जातो, त्याचं नावही याच्यामुळे पडलं.

आमानोची लाकडं पाहिली की एक गोष्ट जाणवते. ती ठेवल्यासारखी वाटत नाहीत, तिथेच अडकून राहिल्यासारखी वाटतात. जाड बाजू खाली, वाळूत अर्धी गाडलेली, बारीक फाटे वर किंवा प्रवाहाच्या दिशेनं. मुख्य तुकडा मधोमध नाही, थोडा एका अंगाला. दोन तुकडे असतील तर एक नक्की मोठा, आणि दोन्ही एकाच जातीच्या झाडाचे. आजकालच्या स्पर्धांत लाकडाच्या शेंड्यांना शेवाळीचे झुपके बांधून पाण्याखाली वडाची झाडं उभी करतात. कसब दांडगं असतं, मला मात्र ती पाहताना देखाव्याच्या गणपतीची आरास आठवते.

लाकडाचा खरा फायदा घेतात त्या त्यावर वाढणाऱ्या वनस्पती. आफ्रिकेतली अनुबियास, आशियातली जावा फर्न, बोर्निओच्या ओढ्यांतली बुसेफॅलांड्रा यांना मातीत रुजण्याची गरज नसते. त्यांचं आडवं वाढणारं जाड खोड, म्हणजे रायझोम, उघडं राहावं लागतं. ते वाळूत पुरलं की हमखास सडतं, आणि नवशिक्यांच्या बहुतेक अनुबियास अशाच मरतात. लाकडाला सुती दोऱ्यानं बांधा किंवा सुपरग्लूचा थेंब लावा. त्यातला सायनोॲक्रिलेट ओलाव्यानंच घट्ट होतो, त्यामुळे ओल्या लाकडावरही चिकटतो. काही महिन्यांत मुळं पकड घेतात.

या वनस्पती हळू वाढतात, म्हणूनच त्या सोप्या. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, आणि भराभर वाढणाऱ्या वनस्पतींची तिथेच उपासमार होते. त्यासाठी लोक सिलिंडर लावतात. अनुबियासला त्याची गरज नाही. पण तिचं पान महिनोन्महिने टिकत असल्यामुळे झगझगीत दिव्याखाली त्यावर काळं शेवाळ चढतं. तिला फाट्याच्या सावलीच्या बाजूला, फिल्टरच्या पाण्याची झुळूक लागेल असं बांधावं आणि दिवा सहा-आठ तासांवर नेऊ नये.

फुकटच्या लाकडाचा मोह सगळ्यांनाच होतो. खाडीकिनारी वाहून आलेल्या ओंडक्यांत मीठ खोलवर मुरलेलं असतं, आणि त्यांना पडलेली गोल भोकं बहुतेक वेळा लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्याच्या जातीच्या प्राण्यांनी पाडलेली असतात. खारफुटीला तर हात लावूच नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून महाराष्ट्रात तिची तोड बंद आहे. ओलं, नुकतंच तोडलेलं लाकूड नको आणि चीड-देवदारसारखं राळेचं तर नकोच. आंब्याचं लाकूड लवकर मऊ पडतं. झाडावरच वाळलेली, साल निघालेली, टणक फांदी उत्तम. सह्याद्रीतल्या ओढ्यात पडलेलं लाकूडही तिथेच राहू द्यावं. त्याच्या आडोशाला खेकडे आणि लहान मासे राहतात.

पाण्याखाली लाकूड इतकी वर्षं टिकतं कसं? लिग्निन मोडू शकणाऱ्या बुरशींना भरपूर ऑक्सिजन लागतो. पाण्यात तो कमी, आणि लाकडाच्या गाभ्यात जवळपास नाहीच. व्हेनिसची घरं चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर शतकानुशतकं उभी आहेत ती याच कारणानं. टँकमधलं लाकूड वरच्या थराकडून झिजत जातं, आणि चांगलं टणक असेल तर बरीच वर्षं चालतं.

अपवाद एकाचा. ॲमेझॉन खोऱ्यातला पॅनाक हा मार्जारमासा चमच्यासारख्या दातांनी लाकूड किसतो. तो वाळवीसारखं लाकूड पचवतो, असं बरीच वर्षं मानलं जायचं. २००९ मध्ये डोनोव्हन जर्मन या संशोधकानं त्याची आतडी तपासली, तेव्हा लाकूड काही तासांतच जवळपास तसंच बाहेर पडताना दिसलं. माशाचं पोषण होत होतं ते सूक्ष्मजीवांनी आधीच अर्धवट कुजवलेल्या भागावर. पुढे इतरांना त्याच्या आतड्यात सेल्युलोज मोडणारे आणि नायट्रोजन बांधणारे जीवाणूही सापडले, त्यामुळे प्रश्न पुरता मिटलेला नाही. पाळणाऱ्याला मात्र परिणाम लगेच दिसतो: रात्रभर खरखर चालते आणि सकाळी वाळूवर तपकिरी भुशाचा थर. हा मासा आणायचा असेल, तर फिल्टरचा स्पंज आठवड्याला टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळायची तयारी ठेवा. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात पिळला तर स्पंजमधले अमोनिया संपवणारे जीवाणू मरतील.