दिंडीतली जागा: वारीत नवखा माणूस कुठे बसतो, आणि ही बसवणूक आली कुठून

आषाढीच्या पंधरा-वीस दिवस आधीपासून मोबाईलवर वारी वाहायला लागते. रिंगणाचे व्हिडिओ येतात, दिवे घाटाची ड्रोनने टिपलेली दृश्यं येतात, पालखी आत्ता कुठे आहे तेही दिसतं. तरी ऑफिसातून सुट्टी काढून चालायला येणारे शहरी लोक आहेतच. आयटीतल्या नोकरदारांची दिंडी आळंदी ते पुणे हा टप्पा चालते. यातले अनेक जण पहिल्या वर्षी रस्त्याच्या कडेने चालतात, फोटो काढतात आणि पुण्यात घरी जातात. ते गर्दीत असतात, दिंडीत नसतात. या दोन्हींत फरक आहे, आणि त्याची मुळं जवळपास दोनशे वर्षांपूर्वी घातलेल्या शिस्तीत आहेत.

पंढरीची वारी त्याहून खूप जुनी. पालखीची प्रथा तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 साली सुरू केली. तुकोबांच्या पादुका पालखीत घालून ते देहूहून आळंदीला येत आणि ज्ञानोबांच्या पादुकांसह पंढरपूरला जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेगळी निघू लागली. हे काम हैबतबाबा आरफळकरांचं. सातारा भागातल्या आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. माणसांचा मोठा तळ हलवायचा कसा, हे त्यांनी फौजेत पाहिलेलं. कूच, तळ, चोपदार, घोडे, तंबू हे सगळं त्यांनी भजनाला जोडलं. घोडे आणि तंबू अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आले. ते घोडे आजही तिथूनच येतात.

त्या व्यवस्थेचं एकक म्हणजे दिंडी. माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या, रथामागे काही शे. प्रत्येकीला क्रमांक असतो आणि तो सहसा बदलत नाही. दिंडीच्या आतही जागा ठरलेल्या: पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामध्ये पखवाज, मग विणेकरी, त्यामागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका. अभंगाचा चरण विणेकरी उचलतो. एका बाजूचे टाळकरी तो म्हणतात, दुसऱ्या बाजूचे झेलतात. वीणा जमिनीवर ठेवत नाहीत. थकलेला विणेकरी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. नाव विचारण्याआधीच नवख्याला ‘माउली’ म्हणून हाक मारली जाते आणि हातात टाळ दिला जातो. टाळाच्या दोरीने दुसऱ्या दिवशी बोटं सोलतात. पण त्या हातात मोबाईल धरता येत नाही, हेही खरं.

नवखे चुकतात ते बहुधा जेवण-मुक्कामाच्या बाजूला. दिंडीत आधी नाव नोंदवून भिशीचे, म्हणजे जेवण-मुक्कामाच्या खर्चाचे, पैसे भरावे लागतात, कारण शिधा आणि राहुट्या माणसं मोजून घेतात. सामानाचा ट्रक पहाटेच पुढे जातो आणि पुष्कळदा वेगळ्या रस्त्याने. म्हणून दिंडीचा क्रमांक पाठ नसेल, तर संध्याकाळी लाखाच्या तळावर आपली राहुटी शोधत फिरावं लागतं. वारीसाठी मुद्दाम घेतलेले नवे बूट पुणे-सासवड टप्प्यात पाय फोडतात. हा टप्पा तीसेक किलोमीटरचा आणि वर दिवे घाट.

तळावरची समाजआरती हा या व्यवस्थेचा सर्वांत हुशार भाग. पालखीभोवती दिंड्या उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावून हाळी देतो आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. कोणी रांग मोडली, कोणाची जागा बळकावली, कोणाला पाणी मिळालं नाही. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, ऐकून घेतो, निवाडा करतो, मगच आरती. सापडलेल्या-हरवलेल्या वस्तू आणि उद्या निघायची वेळ तिथेच पुकारतात. भांडण साचू द्यायचं नाही, ते त्याच दिवशी सगळ्यांसमोर मिटवायचं, हा यातला हिशेब. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर असं भांडण झालं की माणसं ‘लेफ्ट’ होतात.

या आपलेपणाला कुंपणंही होती. रस्त्याने एका सुरात गाणारी माणसं मुक्कामावर जातवार वेगळी जेवायला बसत. इरावती कर्वे यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर वारीबद्दल लिहिताना हीच खंत नोंदवली. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून 1947च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावं लागलं. वारीत सगळे सारखे, असं सहज म्हणून टाकणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

2020 आणि 2021 या कोरोनाच्या दोन वर्षांत पायी सोहळा झालाच नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, सोबत मोजकी माणसं. दर्शन घरबसल्या पडद्यावर मिळत होतं, पण टाळकऱ्याला दर्शनाबरोबर दिंडीतली त्याची रांगही लागते. 2022 साली दिंड्या पुन्हा आपापल्या क्रमांकाने उभ्या राहिल्या.

पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की बहुतेक जण एसटी पकडतात. पालखी मात्र परत चालत येते, साधारण दहा दिवसांत. टप्पे मोठे, राहुट्या थोड्या, ड्रोन एकही नाही. दिंडी जवळून बघायची असेल, तर या परतवारीत दोन मुक्काम चालावं.