नाका, हजेरी आणि हरकती

जुना पुणे नाका, तुळजापूर नाका, विजापूर नाका, होटगी नाका. सोलापुरात रिक्षात बसून यातलं कुठलंही नाव सांगा, रिक्षावाला पुढे काही विचारत नाही, मीटरचं तर नावच काढत नाही. जकात भरायला थांबलेली ट्रकची रांग मात्र आता तिथे नाही. कर गेला, पत्ता राहिला. असाच दुसरा पत्ता म्हणजे 'सेटलमेंट फ्री कॉलनी'. तारेचं कुंपण गेलं, नाव राहिलं. जुलै २०२५ मध्ये, कडव्या डाव्या संघटनांना बेकायदेशीर ठरवू देणारं जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, तेव्हा चहाच्या गाड्यांवर जे बोललं गेलं त्याची मुळं शोधायला हे दोन पत्ते पुरेसे आहेत.

सोलापुरात दडपशाहीचा विषय निघाला की गाडी थेट १९३० वर जाते. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. ८ मे रोजी रूपाभवानीच्या मंदिराच्या बाजूला शिंदीची झाडं तोडली गेली. ही झाडंच का, हे हल्ली कुणी सांगत नाही. शिंदीवर सरकारचा अबकारी महसूल उभा होता. झाड तोडणं म्हणजे दारूबंदीचा प्रचारही होता आणि सरकारच्या गल्ल्यावर घातलेली कुऱ्हाडही. पोलिसांनी अडवलं, गोळीबार झाला. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली चौकी आणि कोर्ट पेटवलं, दोन पोलीस मारले गेले. १२ मे पासून ३० जूनपर्यंत शहरात मार्शल लॉ होता. त्यासाठी व्हाइसरॉयने खास सोलापूरच्या नावाचा वटहुकूम काढला. गांधी टोपी घालून रस्त्यावर येणं, झेंडा बाळगणं यालाही शिक्षा होऊ लागली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: ही फाशी लष्करी कायद्याखाली नव्हती, नेहमीच्या कोर्टात खटला चालवून दिलेली होती. गावाने मात्र या दोन्हींत कधी फरक केला नाही.

दर १२ जानेवारीला चार पुतळ्यांना हार घातले जातात. नेमके त्याच दिवसांत सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे यात्रा, भरलेला असतो, त्यामुळे भाषणं ऐकायला थांबणाऱ्यांपेक्षा नंदीध्वजाकडे निघालेलेच जास्त. त्यात वावगं काही नाही. पण या हारांमुळे एक गैरसमज पक्का झाला आहे, की स्वातंत्र्यावर घाला घालणारे कायदे इंग्रजांबरोबर गेले.

सेटलमेंटचा इतिहास वेगळं सांगतो. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यात लागू झाला. त्यानंतर सोलापुरात कैकाडी, टकारी, भामटा, पारधी अशा जमातींतली कुटुंबं तारेच्या आतल्या वसाहतीत, म्हणजे सेटलमेंटमध्ये, आणून बसवली. गिरण्यांना हात हवे होते, सरकारला नजर हवी होती. दोघांची सोय झाली. दिवसभर मिलमध्ये राबायचं आणि ठरल्या वेळी परत येऊन हजेरी द्यायची. कुणी काही चोरलं म्हणून ही हजेरी नव्हती, कोणत्या आईच्या पोटी जन्म घेतला त्यावरून होती. वागणूक 'चांगली' ठरली की कुटुंबाला तारेबाहेर घर मिळे. ती वस्ती म्हणजे फ्री कॉलनी. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी लोक विमुक्त झाले. दहा वर्षं जातात न जातात तोच १९५९ मध्ये मुंबई राज्याच्या विधिमंडळाने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जमातीचं नाव गाळलं. बंदोबस्ताच्या पोलिसाला कोणाच्या दारावर थाप मारायची ते आधीच पाठ होतं.

शहरात या इतिहासाला पुतळा नाही. माझ्या मते सोलापूरचं कायद्याबद्दलचं मत समजून घ्यायला चार पुतळ्यांपेक्षा फ्री कॉलनीच जास्त उपयोगाची. इथे हुकमाची चीड असतेच, पण खरी चीड येते ती तपासणीची. कोणीतरी दारात येऊन 'दाखव' म्हणतो, त्याची.

कराच्या बाबतीतही हेच. जकातीला शिव्या पडत त्या दरासाठी कमी, नाक्यावरच्या खोळंब्यासाठी जास्त. ताडपत्री सोडा, बिल्टी दाखवा, गाठी मोजा. चादरीच्या सुताची गाडी पहाटे आली तरी माल कारखान्यात पोचायला दुपार व्हायची. २०१० पासून राज्याने टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आणला आणि नाके बंद केले. कागदावर ही सुटकाच होती: गाडी अडवायची नाही, व्यापाऱ्याने वह्यांवरून स्वतःच कर काढून भरायचा. तरीही २०१३ मध्ये पुण्यासारख्या मोठ्या महापालिकांत एलबीटी आला तेव्हा राज्यभर व्यापाऱ्यांनी शटर ओढलं. कारण नाका रस्त्यावरून उठून दुकानात आला होता. अधिकारी येणार, वह्या उघडणार, गोदाम बघणार. 'इन्स्पेक्टर राज' हा शब्द त्या वेळी प्रत्येक निवेदनात होता. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी माफ झाला, २०१७ मध्ये जीएसटीने उरलासुरला विषय मिटवला. शटर ओढलं की विधिमंडळ ऐकतं, एवढं व्यापारी तेव्हा शिकले.

उलट उदाहरण पगाराच्या स्लिपवर सापडतं. महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असा वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. माझ्या पहिल्या फेब्रुवारीत हे जादा १०० रुपये चुकून कापले असं समजून मी अकाउंटंटकडे गेलो होतो. तो नुसता हसला. घटनेच्या २७६ व्या कलमाने वर्षाची कमाल मर्यादा २,५०० ठेवली आहे, म्हणून बेरीज जुळवायला फेब्रुवारी. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी लावला गेला. त्यामागे १९७२ चा दुष्काळ होता. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि आपल्या जिल्ह्यात तर घरटी कोणी ना कोणी खडी फोडत होतं, सुकडी खात होतं. वि. स. पागे यांनी मांडलेल्या योजनेसाठी शहरातल्या पगारदाराने पैसे द्यायचे, असा सरळ व्यवहार. या कराविरुद्ध मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही. पैसे परस्पर कापले जातात, दारात कोणी येत नाही.

म्हणून जनसुरक्षा विधेयकावर शहराची प्रतिक्रिया दुभंगलेली दिसली, याचं मला नवल वाटलं नाही. विधेयक पहिल्यांदा जुलै २०२४ मध्ये मांडलं गेलं, डिसेंबरात नागपूर अधिवेशनात पुन्हा आलं आणि चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेलं. समितीकडे १२ हजारांवर सूचना-हरकती आल्या. समितीत विरोधी पक्षांचे ज्येष्ठ नेतेही होते. 'व्यक्ती आणि संघटना' ही शब्दयोजना बदलून रोख 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनां'वर आणला गेला. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केलं; उघड विरोध नोंदवला तो माकपचे डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी परिषदेतही मंजुरी मिळाली.

बाजारपेठेला यात आपलं काही दिसलं नाही. शटर ओढण्याचा प्रश्नच नव्हता. कामगारांच्या पूर्व भागात मात्र 'डावे' हा शब्द पुस्तकातला नाही. माकपचे नरसय्या आडम, म्हणजे सगळ्यांचे आडम मास्तर, इथून तीन वेळा आमदार झाले. विडी कामगार बायकांसाठी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं उभी राहिली, पुढे रे नगरची, ती याच लाल बावट्याच्या युनियनच्या पाठपुराव्याने. आणि रे नगरच्या चाव्या वाटायला जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान स्वतः आले होते. कार्ड नसलं, फंड अडकला, नवऱ्याने मारलं, तरी बाई आधी युनियनच्या ऑफिसात जाते. 'तत्सम' या शब्दाची व्याप्ती किती, हा प्रश्न तिथे वकिलाला नाही, बायकांनाच पडतो.

आणि विधेयकातली एक तरतूद तिथे लगेच कळते. एखादी संघटना बेकायदेशीर ठरली, तर ती वापरत असलेली जागा अधिसूचित करून ताब्यात घेण्याचा आणि आतल्या माणसांना बाहेर काढण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांना आहे.