चिप्तागेलार

चिप्तागेलार हे इंडोनेशियाच्या जावा बेटावरील पश्चिम जावा प्रांतात, सुकाबुमी जिल्ह्यात वसलेले सुंदानी (पश्चिम जावातला मुख्य लोकसमूह) शेतकऱ्यांचे डोंगरी गाव आहे. सरकारदरबारी ते चिसोलोक तालुक्यातील सिर्नारेस्मी गावाची एक वाडी ठरते. मात्र दक्षिण बांतेन (जावाच्या पश्चिम टोकाचा भाग) परंपरेतल्या ‘कसेपुहान’ समाजांमध्ये त्याचे स्थान फार मोठे आहे. वडीलधाऱ्यांच्या रीतीने चालणाऱ्या या समाजांच्या वस्त्या सुकाबुमी, बोगोर आणि लेबाक या तीन जिल्ह्यांत विखुरलेल्या आहेत. गाव हालीमुन-सालाक राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगररांगांत, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आणि त्यांच्या वर दाट जंगल, असे इथले भूरूप आहे.

आपली परंपरा इ.स. १३६८ पासून अखंड चालत आल्याचे हा समाज सांगतो, आणि वार्षिक उत्सवाची गणतीही त्याच सालापासून करतो. पाजाजारान या सुंदानी राज्याचा १५७९ च्या सुमारास पाडाव झाला. त्या राज्याशी आपले नाते असल्याचे इथले लोक मानतात. समाजाचे मुख्य गाव मात्र कधी एका जागी राहिले नाही. पूर्वजांकडून प्रमुखाला आदेश मिळाला की ते हलवायचे, असा प्रघात आहे. आधीचे मुख्य गाव चिप्तारासा होते, तिथून २००० च्या सुमारास आबाह आनोम यांनी ते सध्याच्या ठिकाणी आणले. प्रमुखाला ‘आबाह’, म्हणजे वडील, असे संबोधतात. २००७ मध्ये आबाह आनोम वारले आणि त्यांचे तरुण पुत्र आबाह उगी यांच्याकडे ही जबाबदारी आली. लोक धर्माने मुसलमान आहेत. शेतीचे विधी मात्र न्यी पोहाची सांगह्यांग आस्री या भातदेवीभोवती फिरतात. तिलाच न्यी स्री असेही म्हणतात, आणि या नावातली ‘श्री’ मराठी वाचकाला ओळखीची वाटेल.

गावाचा खरा कणा म्हणजे भाताविषयीचे नियम. भात किंवा तांदूळ विकायचा नाही, हा त्यातला सर्वांत कडक नियम. भात म्हणजे जीवन, आणि जीवनाचा सौदा होत नाही, अशी धारणा त्यामागे आहे. भाजीपाला किंवा ताडगूळ विकायला मनाई नाही. दुसरा नियम वर्षातून एकच पीक घेण्याचा. धरती आई आणि आकाश बाप. आई वर्षातून एकदाच बाळंत होते, म्हणून जमिनीकडूनही एकदाच मागायचे. तांदूळ गिरणीत सडायचा नाही, शिजवायचा तो लाकडाच्या चुलीवर. बियाणे घरचे आणि गावठी. उंच वाढणारे, सुमारे सहा महिन्यांत तयार होणारे शंभरावर वाण इथे पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले आहेत.

पेरणीची वेळ नक्षत्रांवरून ठरते. केर्ती म्हणजे कृत्तिकांचा पुंजका पहाटे पूर्वेला दिसू लागला की लोखंडी अवजारे काढायची. त्यामागोमाग किदांग म्हणजे मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे उगवले की अवजारे घेऊन रानात उतरायचे. किदांग माथ्यावर येऊन पश्चिमेकडे कलला की टोकण करायची. तो संध्याकाळच्या आकाशातून मावळला की लोंब्यांतला रस शोषणारे ढेकूण येतात, तेव्हा भात लावायचा नाही. मृगाच्या पेरणीची सवय असलेल्या मराठी शेतकऱ्याला हे हिशेब परके वाटणार नाहीत. आपल्याकडे सूर्य त्या नक्षत्रात शिरल्याची तारीख पंचांगात पाहतात, चिप्तागेलारमध्ये तारे आकाशात डोळ्यांनी पाहतात, एवढाच फरक. डोंगरउतारावरच्या कोरडवाहू रानात पुरुष अणकुचीदार काठ्यांनी भोके पाडत पुढे जातात आणि मागून बायका त्यांत बी टाकतात. ओल्या खाचरांत रोपांची लावणी होते.

कापणीला विळा चालत नाही. मुठीत मावणाऱ्या ‘एतेम’ नावाच्या पात्याने एकेक लोंबी देठासकट खुडतात, त्यांच्या पेंढ्या बांधतात आणि बांबूच्या आडव्या दांड्यांवर उन्हात वाळत घालतात. वाळलेल्या पेंढ्या मळणी न करताच ‘लेउइत’ या कोठारात जातात. लेउइत जमिनीपासून खांबांवर उचललेले असते. भिंती विणलेल्या बांबूच्या, छपर ताडवर्गी झाडाच्या काळ्या काथ्याचे. आत जायला वर छपराखाली एक लहान दार, त्याला शिडी लावावी लागते. खालून वारा खेळतो, दाणा टरफलात आणि देठावरच राहतो, त्यामुळे भात अनेक वर्षे टिकतो. प्रत्येक कुटुंबाचे किमान एक लेउइत असते, आणि त्याखेरीज ‘सी जिमात’ हे सर्वांचे सामाईक कोठार. एखाद्याच्या घरचा भात संपला तर तो तिथून उसना नेतो आणि पुढच्या कापणीनंतर परत भरतो. बाजारभाव, सावकार आणि दुष्काळ या तिन्हींपासून शेतकऱ्याला वाचवणारी याहून साधी व्यवस्था क्वचितच आढळेल.

लागेल तेवढाच भात वेळोवेळी काढून सडतात. ‘लिसुंग’ ही ओंडका कोरून केलेली लांब उखळ. तिच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून आळीपाळीने मुसळे घालतात. एकीचे मुसळ वर जाते तेव्हा दुसरीचे खाली येते, आणि सणाच्या दिवशी याच ठोक्यांचे संगीत होते.

कापणीनंतर नवान्नाचा विधी होतो. पुढे ‘पोंग्गोकान’ या बैठकीत समाजातल्या माणसांची मोजदाद होते. वर्षाचा शेवट ‘सेरेन ताउन’ या उत्सवाने, साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. भाताच्या पेंढ्या बांबूच्या कावडींना टांगून मिरवणुकीने आणतात. चालताना दोर बांबूवर घासून करकर असा घुमणारा आवाज निघतो. या वादनालाच ‘रेंगकोंग’ म्हणतात. सोबत लांबट ढोल आणि आंगक्लुंग हे बांबूचे वाद्य. शेवटी आबाह आणि त्यांच्या पत्नी ‘आई-भात’ मानलेल्या पेंढ्या सी जिमातमध्ये ठेवतात.

इंडोनेशियात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सरकारने अधिक उत्पादनाचे बुटके वाण, रासायनिक खत आणि कीटकनाशके यांचा मोठा प्रसार केला. १९८४ मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. पण सततच्या पिकांमुळे आणि अति फवारणीमुळे तपकिरी तुडतुड्यांनी जावात वारंवार थैमान घातले, आणि १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर सरकारलाच बंदी घालावी लागली. चिप्तागेलार या वाटेने गेले नाही. सगळ्यांनी भात एकाच वेळी लावायचा आणि नंतर सगळीच खाचरे रिकामी ठेवायची, यामुळे किडीला वर्षभर खाद्य मिळत नाही. आधुनिक कृषिशास्त्रही हाच उपाय सांगते.

यावरून गाव जगाकडे पाठ फिरवून बसले आहे असे समजणे चुकीचे ठरेल. डोंगरातल्या ओढ्यांवर छोटी जलविद्युत यंत्रे बसवून गावाने स्वतःची वीज केली. गावाचे स्वतःचे रेडिओ केंद्र आहे. २००८ च्या सुमारास ‘चिगा टीव्ही’ ही स्थानिक दूरचित्रवाहिनीही सुरू झाली. तंत्रज्ञानाची आवड असलेल्या आबाह उगींचा त्यात मोठा वाटा आहे. मोबाइल आणि मोटारसायकली चालतात. घरावर मातीची कौले मात्र चालत नाहीत, कारण डोक्यावर माती घेऊन राहणे हे मेलेल्या माणसाचे लक्षण मानतात. नवे काय घ्यायचे हे गाव मोकळेपणाने ठरवते, फक्त भाताला हात लावू देत नाही. परंपरा जपणे म्हणजे गोठून राहणे नव्हे, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुर्मीळ आहे.

जंगलाचे तीन भाग मानतात : पूर्ण बंद, पूर्वजांनी सोपवलेले राखीव, आणि कसण्यासाठी खुले. राज्याच्या कायद्याशी या वाटणीचा मेळ सहज बसलेला नाही. हालीमुन उद्यान १९९२ मध्ये जाहीर झाले, २००३ मध्ये सालाक डोंगर जोडून त्याचा विस्तार झाला, आणि परंपरेने कसलेली जमीन उद्यानाच्या हद्दीत गेली. मे २०१३ मध्ये इंडोनेशियाच्या संविधान न्यायालयाने पारंपरिक समाजांची जंगले ही सरकारी जंगले नव्हेत, असा निकाल दिला. त्याआधारे डिसेंबर २०१६ मध्ये लेबाक जिल्ह्यातील कसेपुहान कारांग या भगिनी-समाजाला आपल्या जंगलाची मान्यता मिळाली.

पलाबुहानरातू या किनारी शहरातून चढणीच्या खडतर रस्त्याने गावात पोहोचता येते. पाहुण्यांची सोय ‘इमाह गेडे’ या मोठ्या घरात होते. तिथल्या चुलीवर गावच्या भाताचे जेवण मिळते.