वित्त आयोग अनुदान (स्थानिक स्वराज्य संस्था)

केंद्र व राज्यांतील महसूलवाटप सुचवण्यासाठी साधारणतः दर पाच वर्षांनी नेमल्या जाणाऱ्या केंद्रीय वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्र शासन राज्यांमार्फत पंचायती व नगरपालिकांना देते ते अनुदान. स्वच्छ भारत, जलजीवन यांसारख्या योजनांचा निधी यात येत नाही. जकात व स्थानिक संस्था कर गेल्यापोटी महानगरपालिकांना मिळणारी भरपाईही यात मोडत नाही; ती राज्य शासन देते. बोलताना या दोन्हींची या अनुदानाशी गल्लत सर्रास होते.

या अनुदानाचा उगम काही अभ्यासक लॉर्ड मेयोच्या १८७० च्या ठरावापर्यंत मागे नेतात. परंतु त्या ठरावाने मुख्यतः प्रांतांना ठरावीक रकमा नेमून दिल्या. गाव वा शहर हा त्यातील वाटेकरी नव्हता. त्यामुळे पंचायती व नगरपालिकांना घटनात्मक स्थान देणाऱ्या, १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीपासून सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक वाटते. या दुरुस्त्यांनी वित्त आयोगाविषयीच्या अनुच्छेद २८० (३) मध्ये ‘खख’ व ‘ग’ ही उपखंडे आली. त्यांची शब्दयोजना बारकाईने पाहावी लागते. पंचायतींच्या साधनसंपत्तीला पूरक म्हणून ‘राज्याच्या एकत्रित निधीत’ भर घालण्याचे उपाय आयोगाने सुचवायचे, तेही राज्य वित्त आयोगाच्या (राज्याने स्थानिक संस्थांच्या निधीसाठी नेमलेल्या आयोगाच्या) शिफारशींच्या आधारे. म्हणजे पैसा गावासाठी असला तरी तो येतो राज्याच्या तिजोरीतून. राज्य आयोगांचे अहवाल उशिरा येतात आणि त्यांचा कालावधी केंद्रीय आयोगाशी जुळत नाही, ही अडचण अकराव्या, बाराव्या व तेराव्या आयोगांनी नोंदवली. ‘आधारे’ हा शब्द बंधनकारक मानावा की मार्गदर्शक, यावर मतभेद आहेत. व्यवहारात आयोगांनी दुसरा अर्थ स्वीकारला. तो स्वीकारला नसता तर गावांना वाट पाहत बसावे लागले असते.

दहाव्या आयोगाच्या (१९९५–२०००) कार्यकक्षेत हा विषय नव्हता. तरीही त्याने १९७१ च्या ग्रामीण लोकसंख्येवर माणशी १०० रुपये याप्रमाणे पंचायतींसाठी सुमारे ४,३८१ कोटी व नगरपालिकांसाठी १,००० कोटी रुपये सुचवले. विजय केळकर यांच्या तेराव्या आयोगाने ठोक रकमेऐवजी वाटपयोग्य (केंद्र व राज्यांत वाटल्या जाणाऱ्या) करमहसुलाची टक्केवारी आणली. केंद्राचा महसूल वाढला की गावाचा वाटाही वाढावा, ही त्यामागची दृष्टी मोलाची होती. चौदाव्या आयोगाने ग्रामीण निधी केवळ ग्रामपंचायतींना दिला. पंधराव्याने (२०२१–२६) पुन्हा तिन्ही स्तरांना (ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद) वाटा दिला आणि एकूण ४,३६,३६१ कोटी रुपये सुचवले. त्यांत ग्रामीण संस्थांसाठी २,३६,८०५ कोटी, शहरी संस्थांसाठी १,२१,०५५ कोटी व आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी होते.

पंधराव्या आयोगाच्या काळात ग्रामीण निधीपैकी ६० टक्के ‘बंधित’, म्हणजे ठरावीक कामांपुरता, होता: त्यातला निम्मा पिण्याचे पाणी व जलपुनर्भरणासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेल्या ४० टक्के ‘अबंधित’ निधीतूनही पगार व आस्थापना खर्च भागवता येत नव्हता. गटारासाठी बंधित निधी चाले. पथदिव्यासाठी अबंधितच लागे. गावाच्या विकास आराखड्यातील कामाचे देयक सरपंच व ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने, ई-ग्रामस्वराज प्रणालीतून थेट पुरवठादाराच्या खात्यात जाते. दोघांपैकी एकाचे डोंगल (स्वाक्षरीचे संगणकाला जोडायचे उपकरण) चालले नाही तरी देयक अडते. लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन मांडणे ही पूर्वअट आहे.

महाराष्ट्रात पंधराव्या आयोगाच्या निधीची वाटणी ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १० व जिल्हा परिषद १० टक्के अशी झाली. अनुदान रीतसर निवडून आलेल्या संस्थेलाच मिळते. २०२२ पासून अनेक जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांवर प्रशासक आले, तेव्हा त्यांचे हप्ते अडले. गोव्यात पंचायतींचा मधला स्तर नसल्याने तेथे वाटेकरी ग्रामपंचायती व जिल्हा पंचायती हेच आहेत.