डोक्याकडची बाजू खाली करू नका
घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी

आमच्या सिस्टर-ब्रदरना घरोघरी एकच विनंती ऐकावी लागते : "पेशंट अवघडलाय, जरा सपाट झोपवा ना." रात्री कुणीतरी मायेपोटी बेड खाली करतं आणि सकाळी ड्यूटीवर आलेल्या सिस्टरचा पहिला तास सक्शन करण्यात, म्हणजे मशीनने कफ-लाळ ओढून काढण्यातच जातो.

घशातल्या नळीमुळे पेशंटला नीट गिळता-खोकता येत नाही. लाळ आणि पोटातून उलटून आलेलं फीड (नळीने दिलेलं पातळ अन्न) नळीच्या फुग्यावर साचतं. हा फुगा श्वासनलिकेत नळीभोवतीची फट बंद करतो. तो फुगा कितीही फुगवला तरी कडेने थोडंथोडं झिरपतंच. पेशंट आडवा असला की झिरपणं वाढतं आणि जंतू फुप्फुसात उतरतात. न्यूमोनिया होतो तो बहुतेकदा असा. म्हणून डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, रात्रीसुद्धा. मणक्याची इजा वगैरे कारणाने डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, तर अर्थातच त्यांचं ऐका.

उशा रचून हे साधत नाही. हनुवटी छातीला टेकते, धड मात्र आडवंच राहतं. कंबरेपासून वरचं अंग उचललं गेलं पाहिजे. पेशंट खाली घसरतो ही तक्रार खरी आहे. त्यासाठी आधी गुडघ्यांकडचा भाग थोडा वर घ्या, मग डोक्याकडचा. अंग पुसताना सपाट करावंच लागलं, तर आधी फीड थांबवा, तोंडातली लाळ सक्शनने काढा आणि काम झालं की लगेच बेड वर घ्या.

"नळ्या रोज का बदलत नाही?" असंही विचारतात. यात आमची काटकसर नाही. सर्किट (व्हेंटिलेटरपासून पेशंटपर्यंतच्या नळ्या) उघडलं की दर वेळी जंतूंना वाट मिळते, म्हणून ते मळलं किंवा बिघडलं की बदलायचं. या नळ्यांत साचलेलं पाणी मात्र कूस बदलण्याआधी काढायचं, आणि ते पेशंटकडे वाहू द्यायचं नाही. फुग्यात अंदाजाने हवा भरू नका. सिस्टर दाब मोजून २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवतात. दात रोज मऊ ब्रशने घासायचे. नळीला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवायचे, पाहुण्यांनीसुद्धा.

आमच्या भाड्याच्या बेडवर कोन दाखवणारी पट्टी असते. सेवा सुरू होते त्या दिवशी घरातल्या एका माणसाला आम्ही हे सगळं करून दाखवतो. रात्री जो जागणार असेल, त्यालाच हे शिकायला बसवा. ताप आला, कफ दाट किंवा पिवळा-हिरवा झाला, ऑक्सिजन उतरू लागला, तर सिस्टरची पाळी सुरू होण्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.